ड्रिलच्या चकाची किल्ली

एकत्र कुटुंबाच्या घरांत वर्षांतून दहावीस वेळां तरी भिंतीला भोंक पाडण्याचा प्रसंग येतो. कोणाला तसबीर टांगावयाची असते, पावसाळ्यांत कपडे वाळविण्यासाठीं दोऱ्या बांधावयाच्या असतात, नाहीं तर मुलांच्या पुस्तकांना एक फळी कमी पडूं लागलेली असते. पूर्वीं अशा कामासाठीं सुतारास बोलावणें धाडावें लागे. तो आपला सामता किंवा गिरमीट घेऊन येई, आणि घरांतील माणसें बाजूला उभीं राहून पाहात. आतां विजेवर चालणारें भोंक पाडण्याचें यंत्र, ज्यास बाजारांत नुसतें 'ड्रिल' म्हणतात, तें बहुतेक घरांतून कपाटाच्या माथ्यावर पडलेलें असतें. आणि ज्यास सवड असेल त्यानें तें उचलून काम उरकावें, अशी चाल पडली आहे. या यंत्राचें बळ सर्वांस दिसतें. परंतु त्याच्या तोंडांत बसवावयाचें जें लहानसें पोलादी बिट, तें कसें निवडावें व कसें बसवावें, याची विचारपूस फार थोड्या घरीं होते. आम्हींहि ती केली नव्हती. त्याचें मोल आम्हांस काय द्यावें लागलें, तें प्रथम सांगून मग मुख्य विषयाकडे वळूं.

आमचें बिऱ्हाड कांदिवलीस चारकोपच्या बाजूला आहे. आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें असा परिवार. तीन वर्षांमागें गणपतीच्या तोंडावर आम्हीं आपल्या संस्कृत पुस्तकांसाठीं एक फळी लावण्याचें मनावर घेतलें. मुलगे कचेरींतून येईपर्यंत थांबा, असें घरांतून सांगणें झालें. परंतु जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेल्या माणसास कोणापाशीं कांहीं विचारणें जड जातें. आम्हीं यंत्र खालीं काढलें, बिट घातलें, किल्लीनें आवळलें. इतक्यांत दारावरची घंटा वाजली. परत येऊन आम्हीं यंत्र उचललें आणि कळ दाबली. किल्ली चकांत तशीच राहिली होती! ती गरकन् फिरून उडाली आणि पेन्सिल घेऊन शेजारीं उभ्या असलेल्या आमच्या नऊ वर्षांच्या नातवाच्या डाव्या भुवईवर बसली. डोळा आणि ती जखम यांत अर्ध्या बोटाचें अंतर होतें. दोन टांके पडले.

लिहितांना संकोच वाटतो, परंतु लिहिलेंच पाहिजे कीं, त्या क्षणीं आमच्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें, "तूं मध्यें कशाला उभा राहिलास?" हें. मूल कांहीं बोललें नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्यानें अगदीं हळू विचारलें, "आजोबा, किल्ली आंत कोणीं ठेवली होती?" आम्हीं सांगितलें, "मींच." तेवढें सांगण्यास आम्हांस अर्धा दिवस लागला होता.

दुसऱ्या दिवशीं आमच्या थोरल्या सूनबाईंनीं यंत्र पुढ्यांत घेतलें. त्यांनीं यंत्रशास्त्राचा पदविका-अभ्यास केलेला आहे. घरांतील कोणीहि, आम्हीं तर नाहींच, तोंवर त्यांना या बाबतींत कांहीं विचारलें नव्हतें. त्यांनीं एक बळकट दोरी घेऊन ती किल्ली विजेच्या दोरीच्या अगदीं टोंकाला, प्लगच्या जवळ, आंखूड बांधून टाकली. "बाबा," त्या म्हणाल्या, "आतां किल्ली चकापर्यंत न्यायची म्हणजे प्लग भिंतींतून काढावाच लागेल. आणि किल्ली चकांत राहिली तर प्लग परत भिंतीपर्यंत पोंचणार नाहीं." इतकी साधी युक्ति! पुढील सर्व माहिती आम्हीं त्यांच्यापाशीं बसून, विद्यार्थी होऊन मिळविली आहे.

हत्यार आणि मूठ

हत्याराचें पातें एक आणि त्याला धरणारी मूठ दुसरी, ही कल्पना फार प्राचीन आहे. आमच्या कांदिवलीच्या ओढ्यांच्या थरांतून पाषाणयुगांतील दगडी हत्यारें मिळालेलीं आहेत, के. आर. यू. टॉड या संशोधकानें त्यांविषयीं १९३९ सालीं सविस्तर लेख प्रसिद्ध केला. तीं आरंभींचीं हत्यारें मुठींत धरून वापरावयाचीं. त्यानंतर फार काळानें मनुष्य दगडाचीं इवलीं पातीं काढून तीं लांकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यांत डिंकासारख्या चिकट द्रव्यानें बसवूं लागला. पातें दांड्यांत पक्कें बसलें नाहीं तर तें शिकारीला न लागतां आपल्यालाच लागेल, हें त्यालाहि कळलें असलेंच पाहिजे. अमरकोशांत भोंक पाडण्याच्या हत्यारास 'वेधनिका' असा गोड शब्द आहे. आजचें बिट म्हणजे ती वेधनिका, आणि तिला धरणारी मूठ म्हणजे चक.

आज आपण पाहतों तें पिळदार पन्हळींचें बिट अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यानें १८६३ सालीं पेटंट करून रूढ केलें. पन्हळींचें काम शोभेचें नव्हे. टोंक कापीत जातें तो चुरा या पन्हळींतून बाहेर चढतो. विजेच्या भोंक-यंत्राचें पहिलें पेटंट १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आर्नट व ब्रेन या दोघांनीं घेतलें; हातांत धरून नेतां येण्याजोगें यंत्र १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत झालें; आणि पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाची कळ ही रचना अमेरिकेंतील ब्लॅक आणि डेकर यांनीं १९१७ सालीं पेटंट केली. मधल्या काळांत, १९०२ सालीं, आर्थर जेकब्स यानें दांतेरी किल्लीनें आवळावयाच्या चकाचें पेटंट घेतलें. आमच्या नातवाच्या भुवईवर बसली ती किल्ली याच वंशांतली.

कोणत्या कामास कोणतें बिट

विटांच्या व सिमेंटच्या भिंतीसाठीं जें बिट असतें त्याच्या टोंकाला टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण द्रव्याची चपटी चकती डाखाने जोडलेली असते. बिटाहून ती चकती किंचित् रुंद असते, त्यावरून तें ओळखावें. तें कापण्यापेक्षां कुटून पुढें जातें. लांकडाच्या बिटाला मधोमध एक अणकुचीदार कांटा असतो. तो आधीं लांकडांत रुततो, म्हणून बिट घसरत नाहीं. लोखंडासाठीं कडक पोलादाचें, सर्वत्र सारख्या जाडीचें व निमुळत्या टोंकाचें बिट लागतें. गुळगुळीत फरशी व कांच यांसाठीं भाल्याच्या फाळासारखें टोंक असलेलें बिट निराळें मिळतें. भिंतीचें बिट लोखंडावर चालवूं नये आणि लोखंडाचें भिंतीवर नेऊं नये. दुसऱ्या प्रकारांत एका मिनिटांत नवें बिट बोथट होतें, आणि बोथट बिटावर माणूस जोर करूं लागतो. अपघाताचा उगम बहुधा त्या जोरांत असतो.

बिटाचा मागचा दांडाहि पाहून घ्यावा. साधा गोल किंवा षट्कोनी दांडा घरगुती यंत्राच्या तीन जबड्यांच्या चकांत बसतो. परंतु ज्या दांड्यावर लांबट खांचा कोरलेल्या असतात तें बिट जड ठोक-यंत्रासाठीं असतें. त्या यंत्राचा चक वेगळ्या घडणीचा असतो. दुकानांत रंगरूपावरून तीं सारखीं दिसतात, आणि खांचांचें बिट साध्या चकांत आवळूं गेल्यास तें कधींहि सरळ धरलें जात नाहीं. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कांदिवलीच्या बाजारांत बिट घेतांना आपल्या चकाचें माप, बहुधा १० किंवा १३ मिलिमीटर, सांगून मगच घ्यावें. चकावर तें कोरलेलें असतें.

बसविण्याची रीति

पहिली गोष्ट, प्लग भिंतींतून काढावा. बटण बंद केलें एवढ्यानें भागत नाहीं. एकत्र कुटुंबांत बटण दाबणारे हात पुष्कळ असतात. यंत्र बॅटरीचें असेल तर बॅटरी काढून ठेवावी.

नंतर चकाचें बाहेरील कडें फिरवून तीन जबडे बिटाच्या दांड्याहून थोडेच अधिक उघडावे. फार उघडल्यास बारीक बिट मधोमध न बसतां दोन जबड्यांच्या फटींत अडकतें, आणि वरून पाहणारास तें घट्ट बसल्यासारखेंच वाटतें. बिट तळाला टेंकेपर्यंत आंत सोडावें आणि मग केंसभर वर ओढावें. जबड्यांची पकड केवळ गुळगुळीत दांड्यावर असावी. पन्हळीचा भाग जबड्यांत गेला तर पकड अपुरी राहते व बिट तेथेंच मोडतें. आतां एका हातानें बिट सरळ धरून दुसऱ्या हातानें कडें फिरवीत आणावें. तिन्ही जबडे सारखेच टेंकले आहेत हें डोळ्यांनीं पाहावें.

यापुढें किल्लीचें काम. चकाच्या अंगावर तीन भोंकें असतात. पुष्कळ लोक एकाच भोंकांत किल्ली घालून आवळतात आणि काम झालें असें समजतात. तिन्ही भोंकांत क्रमानें किल्ली घालून थोडें थोडें आवळावें, म्हणजे पकड सर्व बाजूंनीं सारखी बसते. मग किल्ली काढावी, ती आपल्या दोरीला लोंबूं द्यावी, आणि बिट चिमटींत धरून एकदां ओढून पाहावें.

अलीकडे किल्लीवांचून हातानेंच आवळण्याचे चक निघाले आहेत. ते सोयीचे खरे. परंतु कित्येक कारागीर चक मुठींत धरून यंत्राची कळ दाबतात व अशा रीतीनें तो आवळून घेतात. ही संवय घरांत शिरूं देऊं नये. मूठ सुटली तर तळव्याची सालडी जाते; बिटाच्या पन्हळीच्या धारेवर बोट गेलें तर त्याहून अधिक.

बिट बसलें म्हणजे प्लग लावून, यंत्राचें तोंड माणसांपासून दूर धरून, कळ क्षणभर दाबावी. बिटाचें टोंक एका जागीं फिरत असल्यासारखें दिसलें पाहिजे. तें वर्तुळ काढीत असेल तर बिट वांकडें बसलें आहे किंवा मुळांतच वांकलें आहे. पहिल्या प्रकारांत पुन्हां प्लग काढून नव्यानें बसवावें. दुसऱ्या प्रकारांत तें बिट टाकून द्यावें. वांकलेलें बिट ठोकून सरळ करण्याचा मोह काटकसरीच्या घरांत होतो, आम्हांसहि होत असे. पण ठोकलेलें पोलाद केव्हां तडकेल हें सांगतां येत नाहीं.

भोंक पाडतांना

भोंक कोठें पाडावयाचें याचा विचार यंत्र हातीं घेण्यापूर्वीं करावा. भिंतींत गाडलेल्या विजेच्या तारा बहुधा बटणांच्या पेटीपासून सरळ वर, खालीं किंवा आडव्या गेलेल्या असतात. तेव्हां त्या पट्ट्यांत भोंक पाडूं नये. न्हाणीघराच्या व स्वयंपाकघराच्या मागील भिंतींत पाण्याचे नळ असतात. जुन्या इमारतींत नियम न पाळतां तिरक्या नेलेल्या ताराहि निघतात, म्हणून शंका असेल तेथें तारा शोधण्याचें लहानसें उपकरण मिळतें तें फिरवून पाहावें, अथवा त्या भागाची वीज मुख्य पेटींतून बंद करून, दुसऱ्या खोलींतून दोरी आणून काम करावें. खांब व तुळया यांत लोखंडी सळ्या असतात. बिट एकाएकीं पुढें जाईनासें झालें आणि चकाकता कीस येऊं लागला, तर सळी लागली असें समजून जागा बदलावी. इमारतीचा भार तिच्यावर आहे. ती कापणें घराच्या हिताचें नाहीं.

यंत्राच्या अंगावर दोन खुणा असतात, त्यांकडे लक्ष द्यावें. एक दिशेची, उलट्या दिशेनें फिरणारें बिट कापीत नाहीं, नुसतें घासून तापतें. दुसरी हातोडीची, ती केवळ वीट, दगड व सिमेंट यांसाठीं. लांकूड, लोखंड व फरशी यांवर हातोडीचा ठोका बंद ठेवावा. फरशीवर कागदी चिकटपट्टी लावून, खूण करून, अगदीं सावकाश आरंभ करावा; वरचा चकचकीत थर फुटून फरशी पार झाली कीं आंतल्या सिमेंटसाठीं बिट बदलून मगच ठोका सुरू करावा. लोखंडावर आधीं टोंकदार पंचानें खळगा पाडावा, म्हणजे बिट घसरत नाहीं. पोलादावर तेलाचा थेंब सोडावा. बारीक बिटास वेग अधिक व जाड बिटास कमी, हा सामान्य नियम. मोठें भोंक हवें असल्यास आधीं बारीक पाडून मग मोठें करावें.

लहान वस्तु एका हातानें धरून दुसऱ्या हातानें तिला भोंक पाडूं नये. बिट पलीकडे निघतांना अडकतें आणि ती वस्तु हातासकट फिरते. ती शेगड्यांत किंवा चिमट्यानें मेजास आवळून ठेवावी. यंत्र दोन्ही हातांनीं धरावें; बाजूची मूठ त्यासाठींच दिलेली असते. बिट अडकलें तर कळ तत्काळ सोडावी, दिशा उलटी करून हळू बाहेर काढावें. आणि काढलेल्या बिटास लगेच हात लावूं नये. तें चटका बसण्याइतकें तापलेलें असतें.

पोषाखाविषयीं दोन शब्द. फिरणारा चक लोंबणारी प्रत्येक वस्तु गुंडाळून घेतो. आमच्या भगिनींनीं पदर खोंवून, केंस घट्ट बांधून, मंगळसूत्र आंत घालून व हातांतील सैल बांगड्या काढून काम करावें. पुरुषांनीं उघड्या अंगानें काम करूं नये. जानवें लोंबत असतें याचें भान ओणवें झाल्यावर राहात नाहीं. सैल हातमोजेहि घालूं नयेत, कारण मोज्याचें टोंक अडकलें कीं बोटेंहि त्याच्यामागें जातात. डोळ्यांवर कडेनें बंद असलेला चष्मा हवा; वाचण्याचा चष्मा त्या कामाचा नव्हे. सिमेंटच्या धुळींत सिलिका असते व ती फुप्फुसांत साठून राहते, म्हणून नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा. पावसाळ्यांत आपल्याकडे भिंती ओल धरतात; ओल्या भिंतीवर, ओल्या पायांनीं, किंवा साल निघालेल्या दोरीनें काम करूं नये. घराच्या मुख्य पेटींत ३० मिलिअँपियरचें गळती-रोधक बटण नसेल तर तें वायरमनकडून आधीं बसवून घ्यावें.

भोंक किती खोल जावें हें बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठरवावें. प्लास्टिकची गिट्टी ज्या मापाची, त्याच मापाचें बिट. भोंक गिट्टीहून थोडें खोल, म्हणजे धुळीस तळाशीं जागा राहते.

शेवटीं

आमच्या घरीं आतां एक रिवाज झाला आहे. बिट जो बसवील, त्यानेंच यंत्र चालवावें. मध्येंच उठावें लागलें तर प्लग काढून उठावें. आणि परत आल्यावर चकाकडे पाहिल्यावांचून कळीस बोट लावूं नये. एकत्र घरांत सर्व वस्तु सर्वांच्या असतात, हें आपल्या संस्काराचें भूषण आहे. परंतु जी वस्तु सर्वांची, तिची जबाबदारी कोणाचीच नाहीं, असें होण्यास वेळ लागत नाहीं. विजेच्या यंत्रास तें परवडत नाहीं.

ती फळी पुढें सूनबाईंनींच लावली. आम्हीं खालून खुणा करून दिल्या, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं भिंतीखालीं धरलेल्या सुपांत धूळ झेलली. नातवाच्या भुवईंत आतां एक बारीक पांढरी रेघ आहे. तेथें केंस उगवत नाहींत. तो बारा वर्षांचा झाला. यंत्र चालविण्याची परवानगी त्याला नाहीं, पण प्लग काढलेला असतां बिट बसवून देण्याचें काम त्यानें मागून घेतलें आहे. तिन्ही भोंकांत किल्ली फिरवून झाली कीं तो ती काढतो, दोरीला सोडतो आणि आमच्याकडे पाहून मोठ्यानें म्हणतो, "आजोबा, किल्ली बाहेर!" आम्हींहि प्रत्येक वेळीं "पाहिली" म्हणून उत्तर देतों, आणि मगच प्लग भिंतींत जातो.